चित्रातली बाई आपोआप तशी होत नाही

आमच्याकडे थिअरीचा तास दुपारी दोनला. सोलापूरचं ऊन, वर फिरणारा पण वारा न देणारा पंखा, पोटात डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि खालच्या मजल्यावर लॅबमध्ये अर्धवट राहिलेली आपली फाइल. अशा वेळी मॅडम फळ्यावर लिहितात, 'पुरुषी नजर'. मागच्या बाकावरून एकजण पुटपुटला, "ह्याचं रेंडर कवा व्हायचं बे?" (रेंडर म्हणजे संगणकाकडून शेवटचं चित्र तयार करून घेणं.) सगळे हसले. मीही हसले. अ‍ॅनिमेशन शिकायला आलोय, हात चालला पाहिजे, हे पाठांतर कशाला, असंच तेव्हा वाटायचं.

मत बदललं ते माझ्याच एका चित्रामुळे.

कॅरेक्टर डिझाइनसाठी काम मिळालं होतं: एकाच सैन्यातला एक पुरुष आणि एक स्त्री. समोरून, बाजूने, मागून अशी दोघांची मॉडेल शीट काढायची. मी चार रात्री जागले. पुरुषाला शिरस्त्राण, छातीवर पत्रा, मोडलेलं नाक, भुवईवर जुनी जखम, दोन्ही पाय जमिनीत रोवलेले. स्त्रीही झोकात काढली. छातीचं चिलखत दोन वाट्यांसारखं, पोट उघडं, सगळं वजन एका कुल्ल्यावर, पाठीला बाक, ओठ किंचित विलग. शिरस्त्राण नाही, कारण केस उडताना दाखवायचे होते. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, "एकाच सैन्यातले ना हे? मग हिच्या पोटाला बाण लागत नाहीत का?" वर्ग खो खो हसला. मग त्या जरा हळू म्हणाल्या, "तुला असं काढायला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. सूचनापत्रात फक्त 'सैनिक, स्त्री' एवढंच होतं. आणि काढणारी मी, एक मुलगी.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे कळलं ते इथे सांगते आहे. मी विद्यार्थिनी आहे, तज्ज्ञ नाही. पण या विषयावर मराठीत बोलताना एक तर 'संस्कृती बुडाली' अशी ओरड ऐकू येते, नाही तर जड शब्दांची रास समोर येते. मधली जागा रिकामीच राहते.

चौकोन कुणी भरला

माझे काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींची डिझाइनं करतात. आता संगणकावर, पूर्वी ग्राफ पेपरवर. जॅकार्ड मागाचं तत्त्व सोपं आहे. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास ते बसवलं आणि सोलापुरी चादर आजही त्यावरच चालते. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे एका ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याला दिलेला एक हुकूम: वर हो किंवा खाली राहा. पूर्वी त्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत. चादरीवर मोर दिसतो तो कुणीतरी चौकोन चौकोन भरला म्हणून दिसतो. काका म्हणतात, "मोराचा डोळा चुकला तर मागाला शिव्या देऊन काय उपयोग? ग्राफ माझा."

अ‍ॅनिमेशनचं अगदी असंच आहे. सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला बारा चित्रं. कॅमेऱ्याने माणसाचं शूटिंग केलं तर काही गोष्टी आपोआप येतात. वारा येतो, पदर उडतो, नटीची उभं राहायची स्वतःची एक लकब असते. दिग्दर्शक निदान म्हणू तरी शकतो की ती तशीच उभी होती. आमच्या धंद्यात ही पळवाट नाही. काढल्याशिवाय कागदावर काहीच येत नाही. थ्रीडीत तर छातीला हेलकावा द्यायचा असेल तर मॉडेलच्या आत वेगळं हाड बसवावं लागतं, त्या हाडाबरोबर कातडीचा कुठला भाग किती ओढला जाईल ते 'वजन' रंगवावं लागतं, किती हलायचं त्याचे आकडे भरावे लागतात. कुणीतरी मंगळवारी दुपारी बसून हे केलेलं असतं.

म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांत थिअरीची खरी गरज आम्हालाच आहे, असं मला आता वाटतं. थिअरी म्हणजे काय? तर हा चौकोन कुणी भरला आणि कुणासाठी भरला, हे विचारायची सवय.

नजर म्हणजे नेमकं काय

लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात एक निबंध छापला. फळ्यावरचा तो शब्दप्रयोग तिथून आला. निबंध अवघड आहे, मनोविश्लेषणवाला फ्रॉइड वगैरे मंडळी त्यात दाटीने बसली आहेत. पण गाभा घरबसल्या समजण्यासारखा आहे.

सिनेमात तीन नजरा एकावर एक बसतात, असं त्या सांगतात. एक, कॅमेऱ्याची. दोन, पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे बघायची. तीन, अंधारात बसलेल्या आपली. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये या तिन्ही बहुतेक वेळा एकाच दिशेने वळलेल्या असत. नायक बघतो, कॅमेरा त्याच्या डोळ्याने बघतो, आणि प्रेक्षक, मग तो बाई असो की पुरुष, नायकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. बघणारा तो, बघितली जाणारी ती. ती आली की गोष्ट थांबते, तिच्याकडे बघून घेतलं जातं, मग गोष्ट पुढे सरकते.

आपल्या मसालापटातल्या दोन एंट्र्या आठवून बघा. नायिकेची: गाडीचं दार उघडतं, आधी टाच, मग पोटरी, मग कंबर, मग केस, शेवटी चेहरा. इथे कुणी म्हणेल, नायकाचीही एंट्री पायापासूनच होते की! खरंय. धुळीत आदळलेला बूट, मग मूठ, मग गॉगल. मीही वर्गात हाच मुद्दा मांडला होता आणि मला फार हुशारी वाटली होती. पण पुढची दोन सेकंदं बघा. नायकाचा पाय लाथ मारतो, मूठ कुणाच्या तरी जबड्यावर बसते. त्याचा प्रत्येक तुकडा काहीतरी करतो. तिच्या तुकड्यांना कामच नसतं. ते फक्त दिसतात.

तुकडे करणं हा या सगळ्यातला कळीचा भाग आहे. आयटम साँगचा आवाज बंद करून एकदा बघा, आणि ज्या शॉटमध्ये चेहरा नाही असे शॉट मोजा. आम्ही वर्गात मोजले होते. सुरुवातीला सगळे खिदळत होते, मिनिटाभराने वर्ग गप्प झाला. कंबर कुणाची आहे हे गाणं संपेपर्यंत कळलं नव्हतं, आणि कुणाला कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

यावर एक साधी परीक्षा आहे, आणि ती मला काकांनी नकळत शिकवली. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला पिवळ्या जमिनीवर तांबडा मोर, तर दुसरीकडे तांबड्या जमिनीवर पिवळा मोर. काका चादर हातात आली की आधी उलटी करतात. सुलट बाजू विकण्यासाठी असते, चूक उलट बाजूला आधी दिसते, असं त्यांचं म्हणणं. चित्रही उलटून बघता येतं. स्त्री पात्राच्या जागी पुरुष ठेवायचा, पोझ, कपडे, कॅमेऱ्याचा कोन तोच. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत काही चित्रकारांनी हेच केलं. कॉमिक्सच्या मुखपृष्ठांवर सुपरनायिका ज्या पिळवटलेल्या पोझमध्ये असतात, त्याच पोझमध्ये त्यांनी हॉकआय नावाच्या धिप्पाड तिरंदाजाला काढलं. बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली. हसू येतं तिथेच उत्तर आहे. पोझ जर लढाईची असती तर ती त्यालाही शोभली असती.

मी माझ्या पुरुष सैनिकाला माझ्या स्त्री सैनिकाच्या पोझमध्ये काढलं. पाठीला बाक, कुल्ला बाहेर, ओठ विलग. फाडून टाकलं. मोबाइलमध्ये फोटो मात्र आहे.

कापडाचा प्रश्न नाही

इथे आपल्याकडे हमखास गल्लत होते. लैंगिकीकरण म्हटलं की आपण लगेच कपडे मोजायला लागतो. बाह्या किती, पदर कुठे, गुडघा झाकला का.

जरा आपल्याच भागात बघू. दिगंबर मूर्तीच्या अंगावर धागाही नसतो. सोलापुरातल्या कुठल्याही दिगंबर जैन मंदिरात जाऊन उभं राहा, त्या नग्नतेत वखवख शोधूनही सापडत नाही. उलट लावणी नाचणारी बाई नऊवारीत गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली असते, तरी ढोलकीची थाप पडली की समोरच्या खुर्च्यांतून काय काय ऐकू येतं हे सांगायला नको. म्हणजे माप कापडाचं नाही.

मग कशाचं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या एका गटाने २००७ मध्ये मुलींच्या लैंगिकीकरणावर अहवाल दिला, त्यातली व्याख्या मला सगळ्यांत कामाची वाटली. त्यांनी चार खुणा सांगितल्या आणि यातली एक दिसली तरी पुरे, असं म्हटलं. माणसाची सगळी किंमत त्याच्या लैंगिक आकर्षणावरच ठरते. किंवा सुंदर असणं म्हणजे मादक असणं, असं एकच माप त्याला लावलं जातं. किंवा तो स्वतः विचार करणारा, ठरवणारा माणूस न राहता दुसऱ्याच्या वापराची वस्तू होतो. किंवा, आणि लहान मुलींच्या बाबतीत हे सर्वांत भयंकर, लैंगिकता बाहेरून त्याच्यावर लादली जाते. गॅदरिंगमध्ये आठ वर्षांच्या पोरीला लिपस्टिक लावून ठुमके मारायला लावतात आणि सगळे कौतुकाने टाळ्या वाजवतात, ती ही चौथी खूण.

या चारींत शृंगाराला कुठेही मनाई नाही. स्वतःच्या मर्जीने शृंगारणारी, इच्छा बाळगणारी स्त्री आणि नुसती बघण्याची वस्तू करून ठेवलेली स्त्री यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे हा फरक पुसून टाकला जातो, आणि मग राग कॅमेऱ्यावर निघायचा तो बाईवर निघतो.

लावणीचं उदाहरण मी सहज घेतलं खरं, पण तिथेच थिअरीला ठेच लागते. पेशवाईतला शाहीर राम जोशी मूळचा आमच्या सोलापूरचा. त्याच्यासारख्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांत 'मी' म्हणते ती बाई, पण शब्द पुरुषाचे. नाचणाऱ्या बायका ठरावीक जातींतल्या, पुढे बसणारे आणि पैसे टाकणारे बहुतेक पुरुष. इथवर मल्व्हीबाईंचं गणित बरोबर बसतं. पण बैठकीची लावणी बघितली आहे का? ती बाई प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघते, भुवई उडवते, समोरच्या पागोट्याची टर उडवते, दौलतजादा स्वतः मागून घेते. बघणाऱ्यालाच ओशाळं व्हायला होतं. ती नुसती 'बघितली जाणारी' नाही. अमेरिकेत बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेनेही १९९२ मध्ये अशीच हरकत घेतली होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं की 'स्त्री' म्हणून तुम्ही जिच्याविषयी बोलता ती गोरी आहे. पडद्यावर आमच्यासारखी कुणी नसताना, किंवा मोलकरीण म्हणूनच असताना, आम्ही सिनेमा कसा बघत होतो? उलट नजर रोखून, जाब विचारत बघत होतो. आपल्याकडे या प्रश्नात जात येते. कुणाच्या घरच्या बाईकडे बघायला मुभा होती आणि कुणाच्या नव्हती, हा हिशेब मांडल्याशिवाय 'पुरुषी नजर' हा शब्द मराठीत अर्धाच राहतो. मॅडमना मी हे म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही मग." पंधरा गुणांच्या प्रश्नात ते मावलं नाही.

कापड वाढवून प्रश्न सुटत नाही याचा अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात एक झकास पुरावा आहे. बेटी बूप ही कार्टून नायिका १९३० मध्ये फ्लायशर स्टुडिओच्या एका व्यंगपटात पहिल्यांदा दिसली ती चक्क कुत्री म्हणून, लोंबत्या कानांची. वर्षा-दोन वर्षांत तिची बाई झाली आणि कानांची झाली कर्णभूषणं. आखूड झगा, मांडीला गार्टर (मोजा धरून ठेवणारा पट्टा), आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी तिच्या मागे लागलेलं. १९३४ पासून अमेरिकेत सिनेमाची आचारसंहिता कडक झाली. बेटीचा झगा लांबला, गळा वर गेला, गार्टर गेला. पण त्याबरोबर तिचा खट्याळपणाही गेला. हळूहळू तिच्याच फिल्ममध्ये तिचं कुत्र्याचं पिल्लू आणि एक विक्षिप्त म्हातारा भाव खाऊन जायला लागले. म्हणजे झाकून टाकताना बाईला माणूस करायचं राहूनच गेलं.

मग मी मुलगी असून तसं का काढलं?

याचं उत्तर शोधताना मी जरा हादरले.

जॉन बर्जर या कलासमीक्षकाने १९७२ मध्ये बीबीसीवर चित्रं बघण्याविषयी एक मालिका केली. त्यात त्याने म्हटलं की पुरुष बायकांकडे बघतात, आणि बायका आपल्याकडे कसं बघितलं जातंय ते बघत असतात. आपल्याकडे याला 'चार लोक काय म्हणतील' म्हणतात. ते चार लोक आपल्या डोक्यातच राहायला येतात. सात रस्त्यावरून चालत जाताना मी ओढणी नीट करते, तेव्हा समोर कुणी असतंच असं नाही.

पुढे १९९७ मध्ये बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी याची नीट मांडणी केली. सतत वस्तू म्हणून बघितलं गेलं की माणूस स्वतःलाही बाहेरून, वस्तूसारखं बघायला शिकतो. त्याची किंमत मोजावी लागते: लाज, धास्ती, आणि हातातल्या कामावरून उडणारं लक्ष. वर्षभराने आलेल्या त्यांच्या एका प्रयोगात तरुण-तरुणींना एकेकट्याने आरसा असलेल्या खोलीत काही कपडे घालून बघायला दिले. काहींना स्वेटर, काहींना पोहण्याचा पोशाख. ते अंगावर असतानाच गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलग्यांत तसा फरक पडला नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे विसरू नका.

मी त्या चार रात्री खोलीत एकटीच होते. हातात पेन्सिल होती आणि डोक्यात लहानपणापासून बघितलेले गेम, कॉमिक्स, सिनेमे. 'पुरुषी नजर' म्हणजे पुरुषाची नजर नव्हे, हे तेव्हा उमगलं. ती एक वळण लागलेली सवय आहे, आणि अक्षराला वळण लागतं तसं ते कुणाच्याही हाताला लागतं.

अर्थात हात कुणाचे होते यालाही महत्त्व आहेच. डिस्नेच्या स्टुडिओने १९३८ मध्ये नोकरी मागणाऱ्या एका मुलीला छापील कागदावर उत्तर पाठवलं होतं की चित्रपटाचं सर्जनशील काम बायका करत नाहीत, ते तरुण पुरुष करतात. बायकांसाठी काम होतं शाई फिरवण्याचं आणि रंग भरण्याचं. आदल्याच वर्षी पडद्यावर आलेल्या स्नो व्हाइटच्या हजारो चित्रांवरून याच बायकांचे हात फिरले होते. पुरुषांनी काढायची, बायकांनी रंगवायची, अशी ती राजकन्या. तिथे अ‍ॅनिमेटर म्हणून श्रेयनामावलीत नाव आलेली पहिली स्त्री रेट्टा स्कॉट, १९४२ च्या बॅम्बीमध्ये. तिने काय काढलं असेल? हरिणीच्या पापण्या? नाही. अंगावर धावून येणारे शिकारी कुत्रे. मला ही गोष्ट इतकी आवडते की लॅबमध्ये माझ्या टेबलावर त्या कुत्र्यांचा प्रिंट चिकटवला आहे.

आपल्याकडची सुरुवात तर आणखी गमतीची. फाळक्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. चार वर्षांनी लंकादहनमध्ये राम तेच आणि सीताही तेच. बाई कशी चालते, कशी लाजते, हे पडद्यावर पहिल्यांदा ठरलं तेव्हा त्या पडद्यावर बाईच नव्हती.

'अपील' नावाचा गोंधळ

अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं आम्हाला पहिल्याच वर्षी घोकायला लावतात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरनी ती १९८१ मध्ये पुस्तकात मांडली. बारावं तत्त्व 'अपील'. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी वहीत त्याचा अर्थ 'आकर्षकपणा' असा लिहिला आहे आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. अपील म्हणजे पात्रावरून नजर हटू नये अशी काहीतरी ओढ. ती दुष्ट चेटकिणीतही हवी, बेडकातही हवी. बेडकाला कुणी कमनीय करत नाही. त्याचं अपील त्याच्या गालात असतं, उडी मारण्याआधी अंग चोरून घेण्यात असतं. स्त्री पात्र आलं की मात्र अपील म्हणजे देखणेपणा, आणि देखणेपणा म्हणजे एकच साचा.

या साच्याची किंमत अ‍ॅनिमेटरला रोजच्या कामात मोजावी लागते. डिस्नेच्या फ्रोझन या अ‍ॅनिमेशनपटाच्या अ‍ॅनिमेशन विभागाचा प्रमुख २०१३ मध्ये बोलून गेला की स्त्री पात्रं हलवणं फार अवघड, कारण त्यांना सगळ्या भावना दाखवायच्या आणि तरी त्या सुंदर दिसत राहिल्या पाहिजेत. त्यावर बराच गदारोळ झाला, स्टुडिओने सारवासारव केली. मला त्या माणसाचा राग नाही आला. त्याने धंद्यातलं उघड गुपित सांगितलं. रडताना नाक फेंदारतं, हनुवटीला खळ्या पडतात, ओरडताना गळ्याच्या शिरा तट्ट होतात. पुरुष पात्राला हे सगळं करू द्यायचं आणि स्त्री पात्राच्या गालावरून फक्त एक थेंब ओघळू द्यायचा. अभिनयच काढून घेतला की उरलं काय? मग कंबर हलवा.

याच्या उलट टोकाला मीना आहे. आपल्या राम मोहन यांनी युनिसेफसाठी नव्वदच्या दशकात घडवलेली, मिठू पोपटवाली मीना. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, चारी ठिकाणच्या मुलींना ती आपली वाटली पाहिजे म्हणून तिचे कपडे, चेहरा, केस यांवर किती खल झाला असेल! पण ती लक्षात राहते ती पोपटाकडून आकडे शिकून कोंबडीचोर पकडते म्हणून.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण वर्गात हा प्रश्न दर वेळी येतो. महिलांचं असभ्य चित्रण रोखणारा कायदा आपल्याकडे १९८६ पासून आहे. तो जाहिराती, प्रकाशनं वगैरेंना लागू होतो. त्याचा सगळा भर असभ्यता, मानहानी आणि सार्वजनिक नीती यांवर. म्हणजे कायदा विचारतो 'हे अश्लील आहे का?' आणि थिअरी विचारते 'हिला माणूस ठेवलंय का?' दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं की आपण दुसरा विचारतच नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२२ मध्ये लिंगभावाच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल मार्गदर्शक नियम आणले, त्यात कुठल्याही लिंगाच्या व्यक्तीला चाळवण्यापुरती वस्तू करू नये असं म्हटलं आहे. ते मला जास्त पटतं.

वर्गातला मागच्या बाकावरचा तो मित्र, रेंडरवाला, त्याचं म्हणणं मात्र सोडून देता येत नाही. तो म्हणतो, "उद्या पुण्यात स्टुडिओत गेलो की क्लायंटची शीट हातात येणार. तिथं मल्व्हीबाई पगार देणार हाय का?" नाही देणार. आमचं बरंचसं काम आउटसोर्सिंगचं, डिझाइन बाहेरून ठरून आलेलं, आपण दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायची. मी त्याला एवढंच म्हणाले की मधली चित्रंही कुणीतरी काढतंच. मान किती वळवायची, डोळे आधी वळवायचे की खांदा, हे क्लायंटच्या शीटवर नसतं. तो म्हणाला, "बघू." मलाही याहून जास्त खात्री नाही.

शिवाय मला सुंदर बायका काढायला आवडतात. अजूनही. मल्व्हीबाईंनी तर निबंधात स्वच्छ लिहून टाकलंय की सुखाची चिरफाड केली की ते सुख मरतं असं म्हणतात, आणि तेच करायचा आपला इरादा आहे. मला तेवढं धारिष्ट नाही. काही जुनी गाणी मी आता पूर्वीसारखी बघू शकत नाही, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटतं.

हात

सैनिक बाईची दुसरी शीट काढायला घेतली ती घरी, कुंभारीला. विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई वसाहत आहे, तिथे आम्ही राहतो. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. कागदात डोकावून म्हणाली, "काय काढूलालीस गं?" मी जुनी शीट दाखवली, सगळी रामकहाणी सांगितली. बाण, पोट, चिलखत. तिने पोटाकडे बघितलंच नाही. म्हणाली, "हात बघ की तिचे. ह्या हातानं तलवार धरलीय का गुलाबाचं फूल?"

खरंच. करंगळी हवेत होती.

मी हात नव्याने शिकायला लागले. आईचा अंगठा बाहेरच्या बाजूला थोडा वळलेला आहे, तर्जनीच्या टोकाला कातडं गुळगुळीत झालंय. पान कापणं, तंबाखू पसरणं, वळणं, टोक दुमडणं, दोरा गुंडाळणं, हे सगळं इतक्या झपाट्याने होतं की नुसत्या डोळ्यांना पकडता येत नाही. म्हणून परवा फोन समोर धरला, स्लो मोशन लावलं, आणि झूम करून फक्त बोटं चौकटीत घेतली. पंधरा मिनिटं मी खूश होते. तलवारीची मूठ धरायला लागणारा ताण, मनगटाचा पीळ, सगळं मिळत होतं.

आई वर न बघता म्हणाली, "नुसते हातच काय घेऊलालीस? तोंड बी घे की माझं."

मी फोन मागे घेतला.